वर्गाची वेळ

योगवर्ग म्हटला की पहाटे सहा, असं आपण धरूनच चालतो. पण संगमनेरकडच्या गावांत ही वेळ धारेची. आधी गोठा, मग दूध संकलन केंद्र. संध्याकाळी पुन्हा तेच. कंबर धरलेली असते ती नेमकी याच बायकांची! म्हणून त्यांचा वर्ग मी दुपारी ३.३० ला ठेवते. आसनांआधी जेवून तीन-चार तास व्हायला हवेत, तेव्हा जेवण १२ च्या आत उरका, एवढंच सांगते. (हे सासूबाईंनाही सांगावं लागतं.) पहाटेचा वर्ग निवृत्तांसाठी; जानेवारीत तोही सातला. कांदालागवडीत सहा वारांचे तीन करते. २०१५ पासून २१ जूनला मैदान भरतं. २२ तारखेला किती जणी आल्या, ते मी वहीत लिहिते.