चालकाविना गाडी आणि चालकाचे भवितव्य



रस्ता सुरक्षेच्या निमित्ताने आपण येथे जमलो आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या घरात किंवा भावकीत कोणी ना कोणी ड्रायव्हर असेलच. कोणी एस.टी.वर, कोणी ट्रकवर, कोणी जीप किंवा रिक्षावर. उद्या अशाच एखाद्या ड्रायव्हरच्या मुलाने वर्गात विचारले, की ‘‘गुरुजी, गाड्या आपोआप चालू लागल्या तर माझ्या वडिलांनी काय करायचे?’’ तर आपण काय उत्तर देणार? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही आणि त्याने गांगरून जाण्याचेही कारण नाही. त्याचे उत्तर वस्तुस्थितीत शोधावे, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम प्रगती कोठवर आली ते पाहू. 13 मार्च 2004 रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील एका संशोधन संस्थेने मोजावे वाळवंटात चालकरहित वाहनांची शर्यत भरविली. मार्ग दोनशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा होता. पंधरा वाहने उतरली. परंतु त्यांतील सर्वांत यशस्वी वाहनही बारा किलोमीटर पुरे करू शकले नाही. पुढच्याच वर्षी मात्र पाच वाहनांनी संपूर्ण मार्ग पार केला. ऑक्टोबर 2020 मध्ये फिनिक्स परिसरात वेमो कंपनीची चालकाविना टॅक्सी सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतही. तेव्हा ‘हे होणे नाही’ असे आता कोणी म्हणू नये.

परंतु हे कसे घडते तेही समजून घेतले पाहिजे. या मोटारीला कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारी साधने बसविलेली असतात. ज्या भागात ती फिरते, त्या भागाचा बारकाईने केलेला नकाशा तिला आधीच पुरविलेला असतो. ती अडखळली, तर दूरच्या कार्यालयात बसलेली माणसे तिला मार्ग सुचवितात. म्हणजे माणूस पुरता गेलेला नाही. तो चाकामागून उठून दुसरीकडे बसला आहे. 2025 मध्ये टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर चालकाविना मालवाहू ट्रक धावू लागले; तथापि काही आठवड्यांतच, ट्रक बनविणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून, निरीक्षकाला पुन्हा पुढच्या आसनावर बसविण्यात आले.

एका दुर्घटनेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 18 मार्च 2018 च्या रात्री ॲरिझोनातील टेंपी येथे चाचणीवरील एका स्वयंचलित मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली व तिचा मृत्यू झाला. चौकशीत आढळले, की यंत्रणेला ती धडकेपूर्वी पाच सेकंदांहून अधिक काळ आधी दिसली होती. मात्र ती माणूस आहे, हे यंत्रणेने ओळखले नाही. ठरावीक पट्ट्यांबाहेरून कोणी पायी रस्ता ओलांडील, हा विचारच तिच्या रचनेत नव्हता. देखरेखीसाठी बसलेल्या चालकाचे लक्ष त्या वेळी मोबाइलवर होते. पुढे शिक्षा झाली ती त्या चालकाला. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही.

या घटनेतून आपल्याला दोन गोष्टी कळतात. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी कोण कोठून रस्ता ओलांडील याचा नेम नसतो. उसाची ट्रॉली, बैलगाडी, गुरे आणि लग्नाची वरात यांतून आपला ड्रायव्हर वाट काढतो, ती नजरानजर आणि हाताची खूण यांच्या भाषेत. ही भाषा यंत्राला शिकविणे फार अवघड आहे. दुसरी गोष्ट अशी, की यंत्र अर्धवट विश्वासू झाले की माणूस पूर्ण बेसावध होतो.

म्हणून यंत्र नकोच, असे म्हणावे काय? तसेही म्हणवत नाही. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. यंत्र दारू पीत नाही, त्याला डुलकी लागत नाही, ते ईर्षेने गाडी पुढे दामटीत नाही. हा त्याचा गुण नाकारता येणार नाही. उलट, चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही, असे केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये जाहीरपणे सांगितले. त्या भूमिकेमागे लक्षावधी कुटुंबांच्या चुलीचा विचार आहे.

माझे मत असे, की यंत्र चालकाची जागा घेईल. परंतु एकदम नव्हे आणि सर्वत्र नव्हे. जेथे वाट ठरलेली व बंदिस्त आहे, तेथे ते आधी येते. दिल्ली मेट्रोच्या एका मार्गावर डिसेंबर 2020 पासून चालकाविना गाडी सुरू झाली, ती याच कारणाने. बंदरे, खाणी, कारखान्यांची आवारे यांचा क्रम त्यानंतर लागेल. गावचा रस्ता सर्वांत शेवटी येईल. म्हणजे आपल्या हाती काही वर्षे आहेत. ती वाया घालवू नयेत.

या काळात तीन कामे व्हावीत. पहिले, जबाबदारी कोणाची हे कायद्याने आधी ठरावे. ब्रिटनने 2024 च्या कायद्यान्वये, गाडी स्वतः चालत असताना घडलेल्या चुकीचा भार आत बसलेल्यावर न टाकता ती रस्त्यावर आणणाऱ्या संस्थेवर ठेवला आहे. दुसरे, चालकाच्या मुलांना आणि तरुण चालकांना नव्या वाहनांची देखभाल व दुरुस्ती यांचे शिक्षण मिळावे. शिक्षकांनी त्यांना वेळीच ती वाट दाखवावी. तिसरे काम ग्रामपंचायतींचे आहे. यंत्राला रस्त्यावरचे स्पष्ट पट्टे लागतात, दिसणारे फलक लागतात, ट्रॉलीच्या मागे चमकणारे रिफ्लेक्टर लागतात. मित्रहो, माणसाला तरी दुसरे काय लागते? जे आपण उद्या यंत्रासाठी करू, ते आज माणसासाठी का करू नये? न रंगविलेल्या गतिरोधकावर रात्री आदळून पडणारा दुचाकीस्वार आपल्याच गावचा असतो.

1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. तेव्हापासून परीक्षेला निघालेल्या मुलीसाठी क्षणभर गाडी थांबविणारा आणि म्हाताऱ्या माणसाला सांभाळून उतरू देणारा ड्रायव्हर आपण पाहत आलो आहोत. उद्या चाक यंत्राच्या हाती गेले, तरी ही जाण कोणाला तरी ठेवावीच लागेल. त्या मुलाला आपण सांगावे, ‘‘बाळ, वडिलांचे काम बदलेल, पण ते वाऱ्यावर पडणार नाहीत.’’ हे उत्तर खरे ठरविणे मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे.