गॅसची भट्टी



पेरणी तोंडावर आली की आपल्याला लोहार आठवतो. वखराची पास बोथट झालेली असते. विळा, खुरपे, कुऱ्हाड, सगळ्यांना धार हवी असते. गावच्या लोहाराकडे जा, की रस्त्याकडेच्या घिसाड्याच्या पालावर जा, सामान तेच. ऐरण, घण, सांडशी आणि भाता. भाता वारा देतो, कोळसा फुलतो, लोखंड तापते.

आता काही तरुण गडी कोळशाऐवजी गॅसची भट्टी घरीच बनवू पाहतात. राख नाही, धूर कमी, काम झटपट. गोष्ट चांगली आहे. पण एक भेद ध्यानात घ्या. कोळशाचे चुकले तर बहुधा लोखंड वाया जाते. गॅसचे चुकले तर जीव जाऊ शकतो.

भट्टीचे सारे मर्म एका गोष्टीत आहे. ती म्हणजे गॅस आणि हवा यांचा मेळ. बर्नरमध्ये बारीक भोकातून गॅस जोराने सुटतो. जाताना तो बाजूची हवा ओढून घेतो. म्हणजे भात्याचे काम गॅसच करतो! जर्मनीतल्या बुन्सेन नावाच्या शास्त्रज्ञाने १८५५ च्या सुमारास असाच बर्नर वापरात आणला. आपली स्वयंपाकाची शेगडीही याच रीतीने जळते.

आता भट्टी कशी करायची ते पाहू.

दहा इंच रुंद आणि एक फूट लांब असा लोखंडी पत्र्याचा गोल डबा घ्या. जुने सिलिंडर किंवा तेलाचा पिंप कापू नका. आत राहिलेल्या वाफेने स्फोट होतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा नळीही नको. जस्त तापले की त्याचा धूर छातीत जातो आणि ताप भरतो.

डब्याला आतून दोन इंच जाड अस्तर द्या. त्यासाठी भट्टीचे सिरॅमिक ब्लँकेट मिळते. त्याचे बारीक तंतू श्वासावाटे आत जाणे वाईट. म्हणून तोंडाला चांगला मास्क बांधूनच ते कापा. वरून भट्टीच्या सिमेंटचा लेप द्या. लेप नीट वाळू द्या. मग थोडी थोडी आच देत भट्टी पक्की करा. ओल्या लेपाला एकदम आच दिली तर वाफ कोंडते आणि लेप फुटतो.

आत सहा इंचांची पोकळी उरली. तिला पाऊण इंची एक बर्नर पुरतो. नवशिक्याने बर्नर तयार घ्यावा. भोक केसभर चुकले तरी मेळ बिघडतो.

गॅसचे काय? आपल्याकडचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. १४.२ किलोचे लाल सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असते. धंद्यासाठी ते वापरणे कायद्याने मना आहे. धंद्याचे १९ किलोचे सिलिंडर वेगळे मिळते, ते घ्यावे. शेगडीचा रेग्युलेटर इथे चालत नाही. त्याचा दाब फार कमी. जास्त दाबाचा रेग्युलेटर, दाबाचे घड्याळ आणि त्या दाबाची नळी विकत आणा. जोडकाम जाणकाराकडून करून घ्या. सिलिंडर उभे ठेवा आणि भट्टीपासून दूर ठेवा.

प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती शोधू नका! हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत आणि खड्ड्यात साचतो.

पेटवताना आधी लांब काकडा पेटवून बर्नरच्या तोंडाशी धरा. मग गॅस हळूच सोडा. आधी गॅस आणि मग काडी, असे कधीच करू नका. भट्टीच्या तोंडासमोर उभे राहू नका, बाजूला राहा. विझवताना आधी सिलिंडरचा कॉक बंद करा.

आता भट्टी रुसली तर काय पाहायचे?

तोंडातून लांब पिवळी ज्वाळा येते? हवा कमी पडते आहे. बर्नरची हवेची झडप थोडी उघडा. मागचे दार पूर्ण बंद असेल तर तेही उघडा.

लोखंडावर खपल्या फार धरतात? हवा जास्त झाली. झडप थोडी मिटा.

बर्नर फटफट करतो आणि ज्योत नळीत मागे शिरते? दाब कमी असेल, भोकात कचरा असेल किंवा बर्नर फार तापला असेल. गॅस बंद करा. सगळे थंड होऊ द्या. मग साफ करा.

सुरुवातीला ज्योत जोरात, आणि तासाभराने मंद? सिलिंडरला हात लावून पाहा. ते गार झाले असेल, वर दहिवरही धरले असेल. आतला पातळ गॅस वायू होताना ऊब ओढून घेतो, म्हणून दाब पडतो. पौष-माघात हे जास्त होते. काम थांबवा, विसावा द्या. सिलिंडरखाली जाळ मात्र चुकूनही करू नका.

आणखी एक. भट्टी मोकळ्या हवेत किंवा चारी बाजूंनी उघड्या मांडवात लावा. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू होतो. तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. डोके दुखले, चक्कर आली, मळमळले तर गॅस बंद करून तडक बाहेर या.

गॅसचा वास आला तर ज्योत विझवा. कॉक बंद करा. विजेचे बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. सगळ्यांना बाहेर काढा. मग दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅसच्या अपघातासाठीच तो आहे.

मंडळी, तापल्या लोखंडावर घाव घालावा, हे खरे. पण ते तापवताना घाई करू नये. घण मारायला मनगट लागते. भट्टी सांभाळायला नजर लागते. रोज काम सुरू करण्याआधी जोड पाहा. पेटल्यावर ज्योत पाहा. मग विळ्यालाही चांगली धार येईल आणि संध्याकाळी गडीही धडधाकट घरी येईल.