चषक उरला, नौका गेली

'अमेरिका कप' हे नाव ऐकलं की ते त्या देशावरून पडलं असावं, असं वाटतं. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटे. पण हे नाव देशाचं नाही, एका शिडाच्या नौकेचं आहे.

'अमेरिका' बांधली गेली १८५१ साली, न्यूयॉर्कमध्ये. आराखडा जॉर्ज स्टीअर्स यांचा. बाहेरून आलेल्या जहाजांवर बंदराचे वाटाडे पोचवणाऱ्या तिथल्या होड्या फार वेगवान असत. पोटासाठी धावणाऱ्या त्या होड्यांवरून या हौसेच्या नौकेचा घाट घेतला होता. तिची शिडं सुती, ताठ बसणारी. इंग्रजांची लिननची, सैल फुगणारी.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला इंग्लंडच्या वाइट बेटाभोवती शर्यत झाली. इंग्रजांच्या नामांकित नौकांना मागं टाकून 'अमेरिका' पहिली आली. बक्षीस मिळालं ते चांदीच्या बिनबुडाच्या सुरईचं! थोड्याच दिवसांत मालकांनी नौका तिथंच विकली. सुरई तेवढी घरी नेली आणि १८५७ साली न्यूयॉर्क यॉट क्लबला दिली. १९८३ साली ऑस्ट्रेलियानं जिंकेपर्यंत ती क्लबकडेच होती.

नौकेच्या नशिबी मात्र वणवण आली. अमेरिकी यादवी युद्धात ती दक्षिणेच्या बाजूला होती. १८६२ साली फ्लोरिडात तिला मुद्दाम बुडवलं गेलं. उत्तरेच्या आरमारानं ती वर काढून कामाला जुंपली. अखेर ती ॲनापोलिसच्या नाविक अकादमीकडे आली. मार्च १९४२ मध्ये बर्फाच्या भारानं शेडचं छप्पर तिच्यावर कोसळलं. १९४५ साली तिला मोडीत काढलं.

हे वाचताना मला आजोबांचं गलबत आठवलं. आजोबा दाभोळच्या खाडीतले नाखवा. मूळ फारसी शब्द नाखुदा, म्हणजे नौकेचा धनी. मालवाहतूक ट्रकांकडे गेली आणि गलबत वाळूत पडून राहिलं. शेवटी त्याच्या फळ्या चुलीत गेल्या. माशाच्या तेलाचा वास घरभर पसरला होता. आजीनं त्या जाळावर तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यांचं होकायंत्र आज माझ्या टेबलावर आहे. आल्यागेल्याला मी ते कौतुकानं दाखवतो. परवा एका लहान मुलीनं विचारलं, "गलबताचं नाव काय होतं?" मला सांगता आलं नाही. आता विचारायला घरात कुणी उरलेलं नाही.