जुन्या मोटारीची मंद उचल : कारणे आणि परीक्षा

बंगळूरच्या दक्षिण भागात बनशंकरी ही वसाहत आहे. कनकपुरा रस्त्यावरील देवीच्या मंदिरावरून तिला हे नाव मिळाले. बदामीजवळच्या ज्या बनशंकरीला महाराष्ट्रातील अनेक घराणी कुलदेवता मानतात, तीच ही देवी. या वसाहतीच्या चढउताराच्या रस्त्यांवर जुनी मोटार चालविणाऱ्याची तक्रार बहुधा ठरावीक शब्दांत येते : मोटार एकदा वेगात आली की बरी धावते, परंतु उभ्या जागेवरून उचल घेत नाही, आणि चढावर दुसऱ्या गियरमध्ये तिचा दम सुटतो. यावर कारखान्यात मिळणारे उत्तरही तितकेच ठरावीक असते : इंजिन उघडावे लागेल. हे उत्तर कधी खरे असते, पण ते तपासणीच्या अखेरीस यावयास हवे. ते प्रारंभीच आले, तर मालकाचा पैसा वाया जातो आणि चांगल्या इंजिनाचे जुळलेले भाग विनाकारण विस्कळीत होतात.

प्रथम स्थळाचा विचार केला पाहिजे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा जवळजवळ एकदशांशाने कमी असतो. पिस्टनच्या प्रत्येक खेपेत सिलिंडरमध्ये तितकी कमी हवा येते, तितकेच कमी इंधन जळू शकते, आणि ओढ त्या प्रमाणात घटते. प्रीमिअर पद्मिनीचे उदाहरण घ्यावे. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन असलेली ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. अशी मोटार मुंबईहून बनशंकरीस नेली, तर तिच्यात कोणताही बिघाड नसताना ती दहा टक्क्यांच्या आसपास ओढ गमावते. ही तूट दुरुस्तीने भरून येणारी नव्हे. जी घट त्याहून अधिक आहे, तिचेच निदान करावयाचे असते.

मापकयंत्रांनाही हाच नियम लागू होतो. मॅनिफोल्डमधील निर्वात मोजणारा गेज धिम्या गतीवर चालणाऱ्या निरोगी इंजिनात समुद्रसपाटीवर साधारणतः १७ ते २१ इंच पारा दाखवितो, आणि काटा स्थिर राहतो. उंची दर ३०० मीटरनी वाढली की हा आकडा सुमारे एक इंचाने उतरतो. म्हणजे पुण्यात जवळजवळ दोन इंच, बंगळुरात तीन आणि महाबळेश्वरी चारांहून अधिक इंच वजा करावयास हवेत. बनशंकरीतील निरोगी इंजिन यास्तव १४ ते १८ इंचच दाखवील. परंतु समुद्रसपाटीसाठी लिहिलेल्या पुस्तकांत १४ ते १७ इंचांवर स्थिर राहिलेला काटा ठिणगी उशिरा पडत असल्याचे लक्षण मानला जातो. उंची वजा न करणारा कारागीर अशा वेळी निर्दोष इंजिनास दोषी ठरवितो, टायमिंग पुढे सरकवितो, आणि नसलेला रोग काढता काढता इंजिनास ठोका लावून ठेवतो.

आता मुख्य प्रश्न असा की, दोष केवळ कमी वेगातच का जाणवावा? त्याची कारणे दोन. कमी वेगात पिस्टनच्या एका खेपेस अधिक वेळ लागतो. त्यामुळे झिजलेल्या रिंगांतून किंवा नीट न बसणाऱ्या व्हाल्व्हमधून दाब निसटण्यास अवधी मिळतो. इंजिन वेगाने फिरू लागले की तीच गळती फारशी जाणवत नाही. दुसरे असे की, थ्रॉटल थोडाच उघडा असताना आत येणारी हवा मुळातच थोडी असते. एखाद्या फटीतून शिरलेली वाटीभर हवाही तेव्हा मिश्रण बिघडविण्यास पुरते. याउलट सायलेन्सर तुंबणे, इंधनपंप दुबळा होणे किंवा हवेची गाळणी भरून जाणे यांचा परिणाम मुख्यतः वेग वाढल्यावर दिसतो. म्हणून मोटार नेमकी कोणत्या वेगात अडखळते, हा मालकास विचारावयाचा पहिला प्रश्न होय.

तपासणी इंजिनाच्या बाहेरून सुरू करावी. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये हाताने ढकललेली मोटार सहज सरकते काय? थोडे अंतर चालविल्यावर एखादे चाक इतरांहून अधिक तापते काय? तापत असेल, तर तेथे ब्रेक धरून बसला आहे. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे असल्यास क्लच घसरत आहे. या दोहोंत इंजिनाचा काहीच अपराध नसतो.

त्यानंतर ठिणगीकडे वळावे. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची टाच झिजली की त्यांतील अंतर कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगीही उशिरा पडते. उचल मंदावण्याचे हे अत्यंत सामान्य व अत्यंत स्वस्त कारण आहे. अंतर आधी जुळवावे आणि टायमिंग नंतर पाहावे. क्रम उलटला तर दोन्ही पुन्हा चुकतात. व्हॅक्युम ॲडव्हान्सच्या डबीतील पडदा फाटला असल्यास दुहेरी हानी होते : ठिणगी वेळेआधी सरकत नाही, आणि फाटक्या पडद्यातून हवाही आत शिरते.

तिसरे स्थान मिश्रणाचे. येथे अलीकडच्या काळाने एक नवी गुंतागुंत निर्माण केली आहे. उंचीवर हवा विरळ झाली तरी कार्ब्युरेटर इंधन त्या प्रमाणात कमी करू शकत नाही. त्यामुळे बंगळुरात मिश्रण सुमारे पाच टक्क्यांनी गाढे होते. दुसरीकडे, २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉलच्या घटकांतच प्राणवायू असल्याने हे पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ करते. दोन्ही परिणाम परस्परविरोधी असल्यामुळे जुन्या पुस्तकातील जेटचा आकडा आंधळेपणाने न स्वीकारता प्लगची साक्ष घ्यावी : काजळी धरलेला प्लग गाढे मिश्रण सांगतो, पांढुरका प्लग पातळ, तर फिकट तपकिरी रंग समाधानकारक समजावा. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि पंपांचे पडदे फुगतात वा भेगाळतात, हेही विसरू नये. पेट्रोलच्या नळीतील गळती आगीस निमंत्रण देते. ती आढळताच मोटार उभी करावी. हवेच्या नळ्या मात्र इंजिन धिम्या गतीवर असताना एकेक करून दाबून पाहाव्यात, आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर तेलाचे थेंब सोडावेत. इंजिनाची चाल त्या क्षणी बदलली, तर फट तेथेच आहे.

इतके झाल्यावरच कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन गरम असावे, सर्व प्लग काढलेले असावेत आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवावा. उंचीमुळे येथेही आकडे एकदशांशाने उतरतात. परंतु चार सिलिंडरांतील परस्परप्रमाण बदलत नाही. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या तीनचतुर्थांशाहून खाली नसावा. दुबळ्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांचा. न चढला तर व्हाल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच दुबळे निघाले, तर गॅस्केटचा संशय बळावतो. व्हाल्व्हचा दोष वाटल्यास आधी टॅपेटमधील अंतर पाहावे. ते फार कमी असल्यास व्हाल्व्ह पुरता मिटत नाही, आणि तेवढी जुळवणी करण्यासाठी इंजिन उघडावे लागत नाही. चारही आकडे सारखेच पण खाली असतील, तर केवळ तुलनेने फसगत होते. तेव्हा उंची वजा करून मूळ आकड्याशी ताळा पाहावा. रिंगांची झीज सर्वत्र सारखी झालेली असू शकते, किंवा टायमिंगची साखळी सैल होऊन व्हाल्व्ह उशिरा मिटत असतात.

पंधरा वर्षांनंतर खाजगी मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्या वेळी तिची योग्यताही तपासली जाते. मोटार ठेवावी की मोडीत काढावी, हा निर्णय अनेक कुटुंबे याच टप्प्यावर घेतात. तो निर्णय एका घाईच्या वाक्यावर सोपविण्यापेक्षा एका सकाळच्या तपासणीवर आधारलेला असावा. चाक, क्लच, ठिणगी, मिश्रण आणि अखेर कॉम्प्रेशन हा क्रम कागदावर लिहून घ्यावा, प्रत्येक आकड्यापुढे स्थळाची उंची नोंदवावी, आणि तो कागद हाती घेऊनच कारखान्याची पायरी चढावी.