गरम पाणी येऊन नाही राहिलं
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील मनोगत)



जपानबद्दल पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. बुलेट ट्रेन तुम्ही टीव्हीवर पाहिलीच आहे. मी आपली गरम पाण्याची गोष्ट सांगते.

टोकियोत निशिकासाई म्हणून भाग आहे. तिथे भारतीय बरेच. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तिथल्याच एदोगावा वॉर्डाच्या सभागृहात निवडून गेले. तिथे आम्ही भाड्यानं राहत होतो. ऐन जानेवारीत नळाचं गरम पाणी बंद झालं. मुलगी आठ महिन्यांची, हे कामानं बाहेरगावी. देखभालवाल्यांना फोन मीच केला. मला येत होतं एवढंच : 'ओयु नाइ', गरम पाणी नाही! तेच चारदा म्हटलं, दरवेळी आवाज चढवून. पलीकडची बाई गप्पच झाली.

शेवटी शेजारच्या आजींनी वाक्य शिकवलं. मी ते देवनागरीत लिहून घेतलं : 'सुमिमासेन, ओयु गा देनाइन देस गा...' म्हणजे, माफ करा, गरम पाणी येत नाहीये, पण... मी विचारलं, पुढे काय? पुढे काही नाही म्हणे. तिथेच थांबायचं, उरलेलं समोरचा बोलतो. फारच झालं तर 'मिते इतादाकेमासेन का', जरा बघता का. दुसऱ्या दिवशी माणूस आला. (आग लागली तर मात्र 'पण' म्हणत थांबू नका, सरळ ११९ फिरवा!)

मग मला गोडी लागली. नळ गळतोय याला ते म्हणतात 'मोरेते इरु'. अगदी आपल्या वऱ्हाडीसारखं, गळून राहिला! दिवा लागणे 'त्सुकु', लावणे 'त्सुकेरु'. काच फुटणे 'वारेरु', फोडणे 'वारु'. तक्रार करताना ते 'फुटली' म्हणतात, कोणी फोडली ते काढत नाहीत. आपल्याकडेही दोन्ही शब्द आहेत की! पण माझ्या घराचं छत गळलं, तेव्हा मी जिन्यातूनच ओरडले होते, 'तुम्हीच पाणी सोडलं!' त्यानंतर वर्षभर वरच्या काकू माझ्याशी बोलल्या नाहीत. छत मात्र गळतच होतं.

त्या काकू आज पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. काकू, माफ करा हं, परवापासून बाथरूमच्या छताला पुन्हा ओल येऊन राहिली, पण...