टाकी गळते ती सांध्यातून

नरसिंहपुरात भीमा-नीरेचा संगम दाराशी असला, तरी घरात पाणी साठवायला टाकी लागतेच. जमिनीतल्या काँक्रीटच्या टाकीचा तळ आधी ओततात, भिंती नंतर. जुनं-नवं काँक्रीट जिथं भेटतं, तिथून पाणी झिरपतं. पावसाळ्यात टाकी रिकामी झाली, की बाहेरचं घाण पाणी त्याच वाटेनं आत येतं, आणि लेकरांची पोटं बिघडतात.

म्हणून गवंडीदादांना आधीच सांगा, सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी हवी. अर्धी तळाच्या काँक्रीटमध्ये, अर्धी भिंतीत. मधोमध खिळा ठोकायचा नाही. दोन तुकडे नुसते एकावर एक ठेवायचे नाहीत, तापवून जोडायचे. तळ ओतून झाला असेल, तर पाण्यानं फुगणारी पट्टी मिळते. ती साफ, कोरड्या सांध्यावर भिंतीच्या जाडीच्या मध्यावर चिकटवा. काँक्रीट पडेपर्यंत ती भिजता कामा नये.

काम झाल्यावर टाकी भरा, पातळीवर खूण करा, सात दिवस झाकून ठेवा. बाहेरून ओल दिसली नाही, तरच कडेची माती लोटा. मागाहून कितीही गिलावा केला, तरी राहून गेलेली पट्टी आत घालता येत नाही.