चिलटांच्या घरचे स्वयंवर

श्रोतेहो, पिकलेले केळे दोन दिवस उघडे राहिले की त्याच्याभोवती बारीक चिलटे जमतात, ती तुम्ही पाहिलीच असतील. आंब्याला उपद्रव देणारी फळमाशी ती ही नव्हे. हे जीव आंबलेल्या फळांवर गुजराण करतात. आनुवंशिकतेच्या अभ्यासकांचा त्यांच्यावर फार जीव. कारण दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार, आणि खर्च म्हणाल तर एक बाटली नि थोडे मक्याचे पीठ, गूळ.

चिलटांत पसंती चालते ती मादीची. नर मागे मागे फिरतो, एक पंख पसरून थरथरवतो. गाणेच म्हणा ना! मनास आला नाही, तर ती लाथ झाडते किंवा सरळ निघून जाते.

१९५१ साली फ्रान्समध्ये क्लोदीन पेती या विदुषींना असे दिसले, की नराला मादी मिळणे हे त्याच्यासारखे नर किती आहेत यावरही अवलंबून असते. पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेत ली एर्मन यांनी कॅलिफोर्निया आणि टेक्सस इथली चिलटे काचेच्या झाकणाखाली एकत्र सोडून जोड्या मोजल्या. समजा, २५ नरांत एका प्रांताचे ५. हिशेबाने शंभरांत वीस जोड्या त्यांच्या वाट्याला याव्यात. प्रत्यक्षात जास्त आल्या. प्रमाण उलटे करताच भाग्यही फिरले! एर्मन यांच्या मते मादीला हा फरक वासावरून कळतो.

आता यात एवढे काय, असे तुम्ही विचाराल. निसर्गाची निवड म्हणजे एकाने बाकीच्यांना हुसकावणे, अशी आपली समजूत. मग एकाच थव्यात इतके प्रकार नांदतात कसे? इथे एक उत्तर सापडते. विरळा असतो तो वाढतो, आणि वाढला की त्याची मिरास संपते. म्हणून कोणीच समूळ जात नाही.

पण थांबा. १९८० साली घरमाशीवरच्या प्रयोगात आढळले, की ओळखीसाठी पंख कातरल्यामुळेच विरळ्या नराला असा फायदा मिळू शकतो. मग चिलटांच्या जुन्या आकड्यांवरही शंका आली, आणि काही प्रयोगांत तर हा फायदा दिसलाच नाही. मला विचाराल तर गोष्ट खोटी नाही, पण सरसकट खरीही नाही.

शिक्षक मित्रांनी हा प्रयोग करायचा तर कात्री दूर ठेवावी. पांढऱ्या डोळ्यांची चिलटे खूण न करताच ओळखू येतात. मात्र त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे त्यांचे नर एरवीही मागे पडतात. म्हणून पहिली मोजणी दोन्ही प्रकार सारख्या संख्येने घेऊनच करावी.